आर्गिरोमावशीची इकोनोमिया

पिर्गाकी, १४ ऑक्टोबर १९६१

कोस्मास,

तुझं कार्ड मिळालं. पुढे कांगारू, मागे तीन ओळी: पोचलो, मोटारींच्या कारखान्यात काम मिळालं, इथे थंडी आहे. आणखी कुठे काही लिहिलंय का म्हणून माझ्या बाबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “पोरगा आईवर गेलाय. शब्दसुद्धा काटकसरीने वापरतो.” मला काही हसू आलं नाही. मेलबर्नहून एवढंच सांगायचं होतं तर ते त्या कांगारूनेही सांगितलं असतं.

तुझ्या आईला, आर्गिरोमावशीला, तर तेवढंही धाडलं नाहीस. तू निघालास त्या सकाळी मी आमच्या गच्चीवरून बघत होते. तू जाताना हाताचं चुंबन घेशील म्हणून ती दारात उजवा हात जरासा पुढे करून उभी होती. तू ट्रंक खांद्यावर टाकलीस आणि तिच्या शेजारून सरळ निघून गेलास. अख्ख्या गल्लीने पाहिलं. मग तिने तो हात कमरेच्या फडक्याला पुसला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मला तिची कीव आली नाही, हेही लिहून टाकते. आपलं जे झालं ते तिच्यामुळेच झालं.

तू गेल्यावर मी गावच्या पुरोहिताकडे, पापा-झानीसकडे, पुन्हा गेले होते. त्याचं तेच. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या दोघांना एकाच माणसाने तेल लावलं, म्हणजे आपण एका तेलाची भावंडं, आणि भावंडांच्या डोक्यावर लग्नाचे मुकुट ठेवायला त्याचा हात धजत नाही. रडवेला झाला होता बिचारा. मी म्हटलं, तुमचा हात राहू द्या, कुणाचा धजेल ते सांगा. तो म्हणाला, बिशपचा. नियम मोडायचा नाही, पण माणसाची अडचण बघून थोडा वाकवायचा, एवढा अधिकार बिशपला असतो. चर्चमध्ये त्याला इकोनोमिया म्हणतात.

हा शब्द मला चांगलाच ओळखीचा. आजवर मी तो दोनच ठिकाणी ऐकलाय. एक कॉफीच्या दुकानातल्या रेडिओवर. मंत्री म्हणतो देशाची इकोनोमिया सुधारतेय, आणि बाबा म्हणतात, सुधारत असेल, आमच्या गल्लीत अजून पोचलेली नाही. आणि दुसरा तुझ्या आईच्या तोंडून, सकाळ-संध्याकाळ. ऑलिव्ह खाल्लं की बी उन्हात वाळवून शेगडीत घालायची. काडी वाचवायला आमच्या चुलीतला निखारा मागून न्यायचा. चर्चमध्ये मेणबत्ती लावायची, क्रूसाची खूण करायची, आणि फुंकर मारून ती पुढच्या रविवारसाठी खिशात घालायची. पापा-झानीसने एकदा हटकलं तर त्यालाच म्हणाली होती, “देवाने पाहिली ना एकदा? मग जळत कशाला ठेवायची? इकोनोमिया, पापा, इकोनोमिया.”

तर आता मी बिशपकडे जाणार आहे. तू ट्रंक उचललीस, मोकळा झालास. मी इथेच आहे आणि मला तुझ्याशीच लग्न करायचंय. दोन पानी पत्र लिही. कागद तिकडे महाग असेल तर मी धाडते.

मिर्सिनी


पिर्गाकी, २७ नोव्हेंबर १९६१

कोस्मास,

जाऊन आले. बाबा बरोबर होते. काळा कोट घालून, टोपी गुडघ्यावर ठेवून ते सगळा वेळ भिंतीवरच्या संतांकडे बघत बसले. बोलायचं सगळं माझ्यावर आलं.

आपली गोष्ट तुला-मला पाठ आहे, पण परक्या माणसाला मी ती पहिल्यांदाच सांगितली. सांगतासांगता ती किती वेडगळ आहे ते मलाच कळत गेलं. पोलिदोरोसकाका तुझे धर्मपिता, तुला तेल लावायला मुद्दाम गावात आलेले. तुमच्या अंगणात पाणी तापवलेलं, पुरोहित तयार, सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. आणि शेजारच्या घरात मी, जन्मल्यापासून निळी पडलेली, पोटात दूध न ठरणारी. तुझी आई माझ्या आईला म्हणाली, “ही काही ईस्टर बघत नाही. हिच्यासाठी वेगळी धर्ममाता कुठे शोधत बसतेस? पाणी गरम आहे, तेल काढलेलं आहे, पोलिदोरोस उभाच आहे. त्याच्याच हातून उरकून घे. बाप्तिस्म्यावाचून नको जायला पोर.” मुलाला तेल लावणाऱ्याने मुलीला लावायचं नसतं, उद्या तीच दोघं एकमेकांना पसंत करतील, हे त्या अंगणातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पण मरायला टेकलेल्या पोरीला कोण पसंत करतंय? म्हणून कुणी तोंड उघडलं नाही.

मग मी मेले नाही. बिशपना मी तसंच सांगितलं, की माझा गुन्हा काय तो एवढाच. बाबांनी टोपी खाली पाडली.

बिशप रागावले नाहीत. म्हातारे आहेत, बोलतात इतकं हळू की पुढे वाकावं लागतं. आम्हाला गुलाबाचा मुरांबा आणि पाणी दिलं. म्हणाले, “पोरी, इकोनोमिया म्हणजे घर चालवणं. देवाचं घर मोठं आहे, त्यातली दया मला सगळ्यांना पुरवायची आहे. तू तरणी आहेस, तुला दुसरा नवरा मिळेल. ज्याला दुसरी वाटच नाही त्याच्यासाठी ती राखून ठेवावी लागते.” मी म्हटलं, मला दुसरी वाट नको आहे. त्यांनी मुरांब्याची बशी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, त्या दिवशी मला पाण्यातून कुणी उचललं, तेल कुणी लावलं, याबद्दल कुणाला जराशी जरी शंका असती तरी त्या शंकेवर त्यांनी इकोनोमिया केली असती. पण सगळं असं धडधडीत असताना ते काय करणार? उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “मला एक शंका आणून दे.”

कुठून आणू? पोलिदोरोसकाका गेले, त्यांच्याबरोबर आलेली त्यांची बहीण गेली, तो पुरोहित गेला, माझी आई गेली. बाबा तेव्हा गावात नव्हते. त्या दिवशी पाण्याच्या भांड्यापाशी उभं असलेलं आता एकच माणूस जिवंत आहे, आणि ते भिंतीपलीकडे राहतं.

गेले मी तिच्याकडे. तू घर सोडल्यापासून पहिल्यांदाच तिच्याशी बोलले. म्हटलं, मावशी, एवढंच सांग की तुला नीट आठवत नाही. ती मसूर निवडत होती, वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “मला नीट आठवतं. तेल पोलिदोरोसने लावलं. पवित्र शुभवर्तमानावर हात ठेवून मी खोटं बोलू? मरून मला कुठेतरी जायचंय ना?” मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. ती खाली सांडलेले मसुराचे दाणे वेचत राहिली.

मिर्सिनी


पिर्गाकी, ४ फेब्रुवारी १९६२

कोस्मास,

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. म्हणे, निघून ये, इथे सरकारी कचेरीत सही केली की नवरा-बायको, बिशप गेला खड्ड्यात. आणि माझे बाबा? त्यांनी रविवारी चर्चमध्ये कुठे बसायचं? मी बेट सोडीन तर पापा-झानीसने दिलेला लग्नाच्या परवानगीचा कागद घेऊन, दिवसाढवळ्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत सोडीन. पळून गेलेली म्हणून माझं नाव मागे ठेवणार नाही. पुन्हा हा विषय काढू नकोस.

इथे मस्तकीचा डिंक साफ करायचे दिवस चालू आहेत. यंदा सगळ्या बायका तुझ्या आईकडे बसतो. कल्पना तिचीच, पाच घरी पाच शेगड्या कशाला पेटवायच्या म्हणून. एक शेगडी मध्ये, आम्ही भोवती, मांडीवर ताटं, हातात सुऱ्या, डिंकाच्या एकेका दाण्याची माती खरवडतोय. मी आणि ती एकमेकींकडे पाठ करून बसतो. इतर जणी आमच्या दोघींच्या मधून बोलतात. त्यांचीही आता सवय झालीय.

तिला खोकला झालाय. टपालवाल्याची सायकल वाजली की तिची सुरी थांबते. विचारत काही नाही. परवा सायकल आमच्या दाराशी थांबली, तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाली, “त्याच्या सायकलीला तेल घालायला हवं, किती कुरकुरते.” मी पत्र घेऊन आले आणि वाटलं म्हणून मोठ्याने म्हटलं, कोस्मास बरा आहे. ती म्हणाली, हूं. थोड्या वेळाने उठली आणि शेगडीत दोन कोळसे जास्त घातले. सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

तिला पत्र घाल. मी अजून तिच्यावर चिडलेलीच आहे, तरी सांगते, घाल.

मिर्सिनी


पिर्गाकी, २४ मार्च १९६२

कोस्मास, कोस्मास,

मिळाली. बिशपने इकोनोमिया केली. कागद माझ्यासमोर आहे, खाली त्यांची सही आणि लाल शिक्का. पापा-झानीसने तो चर्चच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचला आणि मग माझ्या बाबांना मिठी मारली. बाबा म्हणाले, आता देशाची इकोनोमिया सुधारली यावर माझा विश्वास बसला. मी हसतहसत लिहितेय, अक्षर असं आलंय म्हणून रागावू नकोस.

कसं झालं ते ऐक. गेल्या मंगळवारी तुझी आई कुणालाही न सांगता शहरात गेली. चालत. बसचं भाडं वाचवलं, दुसरं काय. अशा खोकल्यात, अशा वाऱ्यात, संध्याकाळी परतली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. बिशपसमोर जाऊन तिने शपथेवर सांगितलं की तुझा बाप्तिस्मा उरकल्यावर पोलिदोरोसकाकांना घेरी आली, ते अंगणाबाहेर जाऊन बसले, आणि मला पाण्यातून उचललं ते त्यांच्या बहिणीने. तेलही तिनेच लावलं. हे आपल्याला इतक्या वर्षांनी आठवलं, असं म्हणाली.

बिशपनी तिला दोनदा विचारलं. दोनदाही तिने तेच सांगितलं.

मी यापुढे काही विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस. तिला आठवलं, बस. मी तिच्या घरी गेले, तिच्या हाताचं चुंबन घेतलं, एकदा माझ्याकडून आणि एकदा तुझ्याकडून. तिने हात काढून घेतला नाही. म्हणाली, “आता रडून डोळे सुजवू नकोस, लग्नाचा फोटो काढायचाय.”

ऑगस्टमध्ये पिरेअस बंदरातून तिकडे यायला बोट आहे. निम्मी बोट नवऱ्या मुलींचीच असते म्हणे. तू तिकडच्या पुरोहिताशी बोलून ठेव. आणि आईला पत्र घाल. आता तरी घाल.

तुझी, आता खरंच तुझी,
मिर्सिनी


पिर्गाकी, १३ मे १९६२

कोस्मास,

चादरींवर नावं भरून झाली. टेलरीणबाईने पांढऱ्या पोशाखाचं माप घेतलं. हे सगळं आनंदाचं आधी लिहून घेतलं, कारण पुढचं लिहायला मला जड जातंय.

ईस्टरच्या दिवशी सगळं गाव प्रभुभोजन घ्यायला रांगेत उभं होतं. तुझी आई मागच्या खांबाशी बसून राहिली. वाटलं, पाय दुखत असतील. मग पुढच्या रविवारी पाहिलं, आशीर्वादाच्या भाकरीचा तुकडासुद्धा तिने घेतला नाही. तुला आठवतं, ती तो तुकडा अर्धा खायची आणि अर्धा सोमवारच्या न्याहारीला ठेवायची. मी नेहमीच्या खोडीने म्हटलं, मावशी, आता देवाच्या भाकरीतही काटकसर? ती म्हणाली, हो. आणि माझ्या पुढे निघून गेली.

तिला घास जात नाहीसा झालाय. डॉक्टर येऊन गेला, छातीत पाणी झालंय म्हणाला. मी रोज सकाळी सूप घेऊन जाते. पाप पोटात ठेवून प्रभुभोजन घेता येत नाही, हे माझ्या डोक्यात घोळत होतं; परवा सूप ठेवलं आणि उभ्याउभ्याच विचारलं. जे बोललो ते जसंच्या तसं लिहिते.

“मावशी, पोलिदोरोसकाकांना घेरी आली नव्हती ना?”

“नव्हती.”

“मग पापा-झानीसकडे जा, सगळं सांग, क्षमा माग. तो काय तुला खाणार आहे?”

“तो म्हणेल, आधी बिशपना खरं सांग, मगच क्षमा. मग तुझ्या कागदाचं काय? परत द्यायचा?” तिला खोकला आला, तो थांबेपर्यंत तिने माझं मनगट धरून ठेवलं. “हे बघ. तुझ्या बाप्तिस्म्याला मी नको तिथे वाचवायला गेले. आता नको तिथे खर्च केला, झालं. एक आत्मा गेला, दोघांचा संसार उभा राहिला. म्हातारीचा आत्मा, तोही वापरून जुना झालेला. स्वस्तात पडलं. ह्याला म्हणतात इकोनोमिया.”

असं म्हणून ती सूप प्यायली, सगळं, तळाचं चमच्याने खरवडून.

ती हे खरंच मानते, कोस्मास. मरणानंतर आगीत जायचं हे तिच्यासाठी शेजारच्या गावी जाण्याइतकं खरं आहे. मला तसं वाटत नाही, तुलाही वाटत नसेल, पण तिला वाटतं, आणि ते वाटत असूनही ती चालत गेली. मी आयुष्यभर तिला चिक्कू म्हटलं. मला लाज वाटते असं नुसतं म्हणणंही पुरेसं नाही. मला तिच्यावर माया जडलीय, आणि आता जडून काय उपयोग ते कळत नाही.

हे कुणाला सांगणार नाही असं तिने माझ्याकडून वदवून घेतलंय. इथल्या कुणाला मी सांगत नाही. तू इथला राहिला नाहीस.

मिर्सिनी


पिर्गाकी, २० जुलै १९६२

कोस्मास,

तार पोचली असेल. तारेत तीनच शब्द मावले. आता सगळं लिहिते. तुला माझ्याकडूनच कळायला हवं, उद्या तिकडे कुणी गाववाला भेटला तर तो वेगळंच सांगेल.

तुझं पत्र जूनच्या शेवटी आलं होतं. तिला वेगळं पत्र न घालता माझ्याच पाकिटात तिच्यासाठी चिठ्ठी घातलीस, एक तिकीट वाचवलंस. मी तुझ्यावर भडकले. तिच्या खाटेशी बसून वाचून दाखवली: आई, मी बरा आहे, तू केलंस ते मिर्सिनीने सांगितलं, मी त्या दिवशी तुझा हात हातात न घेता गेलो, मला क्षमा कर. तिने पुन्हा वाचायला लावली. मग पाकीट मागितलं, त्यावरचं तिकीट बघितलं आणि म्हणाली, “एकातच धाडलं दोघींना. बरं केलं. माझाच आहे.” तिला किती बरं वाटलं ते चेहऱ्यावर दिसत होतं. एवढं तरी तुझ्या हातून झालं, ते विसरू नकोस.

तिचं गुपित तुला कळवलं म्हणून ती माझ्यावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, “त्याला सांगितलंस ते ठीक. आता बास.”

त्यानंतर ती झपाट्याने खंगली. बोलताना दम लागायचा. पापा-झानीस दोनदा दारात आला, दोनदा तिने झोपेचं सोंग घेतलं. रस्त्यात त्याने मला गाठलं आणि विचारलं, ही बाई माझ्यावर का रुसलीय, अशीच गेली तर मी काय करू? मला त्याच्याकडे बघवेना. घरी आले, पेटीतल्या चादरी काढल्या, पुन्हा घड्या घातल्या. मी त्या चादरींवर तुझ्याशेजारी झोपणार, आणि ती तिच्या समजुतीप्रमाणे कायमची जळत राहणार.

मग मला एक युक्ती सुचली. मला किती शहाणी वाटली होती ती. कबुलीच्या वेळी पुरोहिताच्या गळपट्ट्याखाली डोकं झाकून सांगितलेलं तो कुणाला सांगू शकत नाही, बिशपलाही नाही. मी माझी कबुली द्यायची, त्यात तिचं सांगायचं. त्याला कळेल, तो तिला क्षमा करून प्रभुभोजन देईल, आणि कागदाला धक्का लागणार नाही. तिचा आत्माही वाचेल, आपलं लग्नही. दोन्ही वाचवायला निघाले होते मी. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले, तिचा गुण लागला मला.

पापा-झानीसने सगळं ऐकलं. गळपट्टा काढून त्याची घडी घातली. मग म्हणाला, “मी ऐकलं ते इथेच राहिलं. तुझ्या कागदाला मी हात लावणार नाही. बिशपनी इकोनोमिया केली, आता थोडी मीही करतो. यात पाप असेल तर ते देव बघेल. उद्या सकाळी तिच्याकडे येतो.”

सकाळी तो प्रभुभोजनाचा पेला घेऊन आला. गळपट्टा घातलेला, पुढे मी मेणबत्ती धरलेली. ती उशाला टेकून बसली होती, डोकं अगदी साफ. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला एका क्षणात कळलं, आणि चुकीचं कळलं.

“सांगितलंस.”

मी म्हटलं, मावशी, कबुलीत सांगितलं, ते कुणाला कळणार नाही, कागद आहे तसा आहे. पापा-झानीसनेही खाली वाकून तिच्या कानात तेच सांगितलं, क्रूसावर हात ठेवून सांगितलं. ती ऐकतच नव्हती. आजारी माणसाची कडू औषध देण्याआधी जशी समजूत काढतात तशी आपली काढतायत, असंच तिला वाटलं. माझ्याकडे बघत राहिली. इतकं वाईट तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, मी तिला नको ते बोलले होते तेव्हासुद्धा नाही.

म्हणाली, “माझ्याकडे तेवढंच होतं. तू ते रस्त्यावर ओतलंस.”

मग तिने ओठ घट्ट मिटले. पापा-झानीसने चमचा पुढे केला, तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तो गुडघ्यावर बसला, त्याने विनवलं, तो रडला. मी कागद आणून तिच्या डोळ्यांसमोर धरला, लाल शिक्का दाखवला, बघ ना मावशी, आहे, इथेच आहे, कुणी नेला नाही. तिने डोळेही मिटून घेतले. दुपारी, माझे बाबा खुर्ची घेऊन शेजारी बसलेले असताना, ती तशीच गेली. ओठ शेवटपर्यंत उघडले नाहीत.

गावाला काही ठाऊक नाही. पापा-झानीसने सगळे विधी पूर्ण केले, एक प्रार्थना गाळली नाही. कबरीपाशी हळूच मला म्हणाला की देवाच्या घरी तिच्यासाठी नक्की जागा असेल, तिथे इतका कडक हिशेब नसतो. असेलही. पण ती हे मानून गेली नाही. आपण आत्मा घालवला आणि बदल्यात काहीच मिळालं नाही, असं मानून ती गेली. ज्या बाईने जन्मात कधी भाकरीचा कण वाया जाऊ दिला नाही तिला शेवटी हे वाटायला लावलं, आणि ते मी लावलं. तिचं भलं करायला गेले होते. तू मला दोष देणार नाहीस, मला माहीत आहे, आणि त्यानेही मला काही बरं वाटणार नाही.

तिचं घर मी झाडून बंद केलं. कोंबड्या बाबांकडे. तिचा थोरला चुलतभाऊ विचारत होता लग्न वर्षभर पुढे ढकलणार का, घरात सुतक आहे. बाबाही म्हणाले, थांब, घाई काय आहे. टेलरीणबाईला मी पांढरा पोशाख नको म्हणून सांगितलं.

पण बोट मी चुकवणार नाही. तू पत्रात विचारलं होतंस, आनंदात आहेस ना? नाही. मी बंदरावर उतरेन तेव्हा काळ्या कपड्यांत असेन, आणि मुकुट घालतानाही त्याच कपड्यांत असेन. तू पुढे येऊन माझी ट्रंक घे आणि काही बोलू नकोस. पुढे कधी हसता आलं तर हसू. माझं तुझ्यावर प्रेम आहे का, असं हल्ली मी स्वतःला विचारायचं टाळते, कारण त्याचं उत्तर काहीही आलं तरी मला यायचंच आहे.

मी आले नाही तर बदल्यात काहीच मिळालं नाही हे तिचंच खरं ठरेल.

मिर्सिनी